यांत्रिक होडीच्या तळांतील पाणी



ज्या घरांत होडी नाहीं अशाच घरांतून हें भाषण बहुतांशीं ऐकलें जाईल, ह्याची मला कल्पना आहे. तरी पण मुंबई-पुण्याकडील पुष्कळ मंडळी सुटीच्या दिवसांत अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा मालवण ह्या बाजूस जातात, आणि तेथें कोणाच्या तरी लहानशा यांत्रिक होडींत बसून खाडी ओलांडतात. त्या वेळीं ज्या जमिनीवर आपण पाय ठेवून बसतों तिच्या खालीं काय आहे, हा प्रश्न शंभरांत एखाद्यालाच पडत असेल. मला स्वतःला तो होडीचा मालक झाल्यावरहि कित्येक वर्षें पडला नव्हता.

आमची होडी 17 फूट लांब व साडेसहा फूट रुंद आहे. ती मी व माझे धाकटे बंधु अशा दोघांनीं मिळून जुनीच विकत घेतली. तिचें अंग फायबरग्लासचें, म्हणजे कांचेच्या बारीक तंतूंचें कापड राळेसारख्या रासायनिक द्रवांत भिजवून, थरावर थर चढवून केलेलें. आणि पाठीमागें 40 अश्वशक्तीचें पेट्रोलचें यंत्र बाहेरून अडकविलेलें. अशा होडीचा तळ सपाट नसतो. अर्धवट उघडलेलें पुस्तक कण्यावर टेंकून धरावें, त्याप्रमाणें तो मधोमध खोल व दोन्ही कडांकडे चढता असतो. त्या उतारावर माणसांना नीट उभें राहतां येणार नाहीं, म्हणून वर एक सपाट जमीन बसवितात. ही जमीन आणि खालचा उतरता तळ ह्यांच्यामध्यें जी तिकोनी पोकळी उरते, ती म्हणजे होडीचें तळघरच. घराच्या तळघराला जिना असतो. ह्याला बहुधा हाताच्या पंजाएवढें एक गोल झांकण असतें, व कित्येक होड्यांत तेंहि नसतें.

तळाला ताठपणा यावा म्हणून ह्या पोकळींत उभ्या व आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात, आणि प्रत्येक आडव्या पट्टीच्या बुडाशीं बोट जाईल एवढें भोंक ठेवलेलें असतें. कोठूनहि आलेलें पाणी ह्या भोंकांतून वाट काढीत मागच्या टोंकाशीं जावें, आणि होडी किनाऱ्यावर असतां तेथलें पितळी बूच काढलें म्हणजे सगळें बाहेर पडावें, अशी ती योजना. योजना चांगली आहे. फक्त ती चालू आहे कीं बंद पडली आहे, हें वरून दिसत नाहीं.

कोंकणांत पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हां पाण्यांत सोडतात. एके वर्षीं आमची होडी उशिरां, कार्तिक महिन्यांत उतरली. ट्रॅक्टरनें ती खाडीकडे नेणारा गृहस्थ म्हणाला, "यंदा होडी जड लागते, साहेब." आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. बूच काढून पाहिलें होतें. त्यांतून थेंब देखील आला नव्हता. मग होडी जड कशानें होणार? दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझी बहीण, मेहुणे व दोन भाचे ह्यांना घेऊन आम्ही रेवदंड्याच्या खाडींतून कोर्लईच्या बाजूस निघालों. कोर्लईचा डोंगर जेथें समुद्रांत घुसला आहे, तेथें खाडीचें पाणी आणि बाहेरच्या लाटा ह्यांची गांठ पडते. तेथून परत फिरावें म्हणून बंधूंनीं सुकाणूचें चाक फिरविलें. होडी वळतांना कलतेच, तशी ती कलली; परंतु वळण संपल्यावर सरळ झाली नाहीं. कांहीं वेळ ती एका अंगावर तशीच राहिली, मग सावकाश उठली आणि दुसऱ्या अंगावर गेली. धाकट्या भाच्याला ती गंमत वाटली. माझ्या बहिणीनें कांहीं एक न बोलतां त्याचा दंड घट्ट धरला.

यंत्र मंद करून, मुलांना मधोमध खालीं बसवून आम्ही परतलों. किनाऱ्याला लागल्यावर तें गोल झांकण उघडलें, तों खालीं अर्धी वीत पाणी डुचमळत होतें. बादलीबादलीनें उपसलें तें 15 लिटरच्या 12 बादल्या भरलें. म्हणजे 180 लिटर, आणि वजनानें 180 किलोग्रॅम. आमच्या पायांखालीं जणूं तीन धट्टीकट्टी माणसें झोपलेलीं होतीं, आणि होडी ज्या बाजूस कलेल त्या बाजूस तीं तिघेंहि लोळत होतीं.

ह्या लोळण्यांतच खरा धोका आहे. तीन गोणी तांदूळ होडीच्या मधोमध बांधून ठेवले तर होडी थोडी खोल बसेल, एवढेंच. त्याच वजनाचें पाणी मोकळें सोडलें तर गोष्ट निराळी होते. हें पाहण्यास समुद्रावर जाण्याचें कारण नाहीं. घरांतली मोठी परात घ्या, तींत दोन बोटें पाणी घाला, आणि ती दोन्ही हातांत धरून ओसरीवरून मोरीपर्यंत जा. भरलेला तांब्या नेण्याहून हें किती तरी कठीण वाटतें, कारण परात किंचित् कलली कीं सारें पाणी त्याच कडेला धांवतें आणि ती आणखी कलते. होडी सरळ उभी राहूं पाहते, आणि पाणी तिला खालच्या अंगास दाबून धरतें. ह्यांत पाण्याच्या खोलीपेक्षां त्याच्या रुंदीचें महत्त्व फार. रुंदी दुप्पट झाली तर हा कलविणारा परिणाम आठपट होतो. उलट त्याच पोकळींत मधोमध एकच उभी भिंत घातली तर तो चौथ्या हिश्शावर येतो. आमच्या होडींतल्या उभ्या पट्ट्या बुटक्या होत्या. पाणी त्यांच्या वरून जात होतें.

मोठ्या जहाजांनाहि हा नियम सुटत नाहीं. 1987 सालीं 6 मार्च रोजीं बेल्जममधील झेब्रुगे बंदरांतून 'हेरल्ड ऑफ फ्री एन्टरप्राइझ' नांवाचें, मोटारी व उतारू नेणारें जहाज पुढचे दरवाजे उघडे राहिले असतां निघालें. मोटारी उभ्या करण्याचा मजला म्हणजे आडभिंती नसलेलें एक विस्तीर्ण दालनच. त्यांत पाणी शिरलें, एका अंगास धांवलें, आणि पाहतां पाहतां जहाज कलंडलें. 193 माणसें मृत्युमुखीं पडलीं. जहाज बुडण्यास तें पाण्यानें पुरतें भरावें लागतें, अशी आपली समजूत असते. उलटण्यास मात्र त्याहून पुष्कळ कमी पाणी पुरतें.

आतां आमची चूक सांगतों. पाणी दिसतांच आम्हीं दोघांनीं एकमुखानें ठरविलें कीं, होडीच्या बुडाला भोंक पडलें आहे. होडी उलथी करून पाहिली. जो शोधतो त्याला सांपडतें, त्याप्रमाणें कण्यावर एक बोटभर ओरखडा सांपडला. कारागीर आणला, ओरखड्यावर कांचकापडाचे तीन थर चढविले, घोटून गुळगुळीत केले, रंग दिला. पैसे बरेच गेले व समाधानहि बरेंच झालें. महिन्याभरानें दोन दिवस अवकाळी पाऊस लागला, आणि त्यानंतर झांकण उघडलें तों पुन्हां तीन बादल्या पाणी!

शेजारच्या वाडींतले एक वृद्ध तांडेल आपलें जाळें विणीत बसले होते. त्यांना सर्व परिसर नाखवा म्हणून ओळखतो. आमची बडबड त्यांनीं ऐकली व मान वर न करतांच विचारलें, "दादा, पाणी खारं का गोडं?"

आम्ही दोघेहि विज्ञानाचे पदवीधर. आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं.

मला ह्या भाषणांत जें सांगावयाचें आहे तें ह्या एका प्रश्नांत आलें. तळांत पाणी दिसल्यावर मनुष्याचे हात आपोआप उपसण्याकडे आणि बुजविण्याकडे जातात. परंतु उपसून टाकलेल्या पाण्याबरोबर त्याची साक्षहि जाते. पाणी जेथें सांपडतें तेथून तें आलेलें असतें असें मुळींच नाहीं. तें उतारानें येऊन सर्वांत खालच्या जागीं बसलेलें असतें. म्हणून होडी सुरक्षित जागीं असेल तर पहिली बादली बाहेर फेंकण्यापूर्वीं एक पेलाभर पाणी बाजूला काढून ठेवावें.

त्या पाण्याचा प्रथम वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा वर रंगीबेरंगी तवंग दिसला तर पुढचें सर्व सोडून द्यावें. त्याविषयीं मी मागाहून स्वतंत्र सांगणार आहें. तसें कांहीं नसेल तर दोन बशा घ्याव्या. एकींत तळांतलें पाणी ओतावें, दुसरींत होडीच्या बाहेरचें भरतीचें पाणी, दोन्ही सारख्याच मापानें. आणि त्या उन्हांत ठेवाव्या. उरण-भाईंदरच्या मिठागरांत जें विस्तीर्ण प्रमाणावर चालतें तेंच हें बशींत. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात, तेव्हां 100 मिलिलिटर पाणी आटलें कीं साडेतीन ग्रॅम मीठ डोळ्यांना स्वच्छ दिसतें. चव घेऊन पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्या तळांत यंत्राचें तेल, कुजलेलीं मासळी आणि उंदीर ह्यांपैकीं काय काय नांदून गेलें असेल, तें सांगतां येत नाहीं.

आमची बाहेरच्या पाण्याची बशी पांढरीशुभ्र झाली. तळांतल्या पाण्याच्या बशींत कडेला एक पुसट रेघ तेवढी राहिली, ती जुन्या खाऱ्या ओलाव्याची. पाणी गोडें होतें. तें बुडांतून आलेलें नव्हतें, आकाशांतून आलेलें होतें. आणि आम्हीं बूड बुजविलें होतें.

पावसाच्या पाण्याला आपण फार कमी लेखतों. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. आमच्या होडीची उघडी जमीन साधारण पांच चौरस मीटर आहे. कोंकणांत एका दिवसांत 100 मिलिमीटर पाऊस ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्यानें होडीवर 500 लिटर पाणी पडतें. 26 जुलै 2005 ह्या दिवशीं मुंबईस सांताक्रूझ येथें 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या हिशेबानें आमच्या एवढ्याशा होडीवर सुमारें 4,700 लिटर पडले असते. ह्यांतला विसावा भाग जरी फटींतून खालीं गेला तरी काय होईल, तें कोणीहि ताडावें. आम्हीं वर ताडपत्री घातली होती, पण मधोमध तिला झोळ पडून ती एके ठिकाणीं फाटली होती. झोळांतलें पाणी नेमकें तेथून गळत होतें.

पण तें जमिनीखालीं गेलें कोठून? ह्यासाठीं आम्हीं रंगपंचमीचा लाल रंग पाण्यांत कालविला व एकेका संशयित जागीं एकेक तांब्या ओतला. एका जागीं ओतावें, पांच मिनिटें थांबावें, झांकण उघडून दिव्यानें पाहावें, मगच दुसरी जागा. घाईनें सगळीकडे एकदम ओतलें तर रंग उतरतो, पण तो कोणी उतरविला हें कळत नाहीं. नांगर ठेवण्याचा खण निर्दोष निघाला. कडेची लोखंडी कठड्याची बैठक निर्दोष निघाली. बसण्याच्या दोन बाकांचे पाय जमिनीत ज्या स्क्रूंनीं आवळले होते त्यांपैकीं तीन स्क्रू हलत होते, आणि त्यांच्या भोंवतालून लाल धार सरळ खालीं गेली. मनुष्य बसतो, उठतो, होडी आपटते, स्क्रू सैल होतो. हें वर्षानुवर्षें चाललें होतें.

दुसरें कोडें बुचाचें. सबंध पावसाळाभर बूच काढून ठेवलेलें असतांहि पाणी मागें कां आलें नाहीं? एक लवचीक तार घेऊन आंतल्या भोंकांतून चालविली, तेव्हां तिसऱ्या आडव्या पट्टीशीं ती अडकली. जोर केल्यावर झाडाचीं कुजलेलीं पानें आणि बोराएवढा एक स्पंजासारखा तुकडा बाहेर आला. होडी उलटली तरी तरंगत राहावी म्हणून तिच्या कडेच्या पोकळींत जो हलका फेस भरलेला असतो, त्याचाच तो तुकडा. त्यानें वाट बंद केली होती. पट्टीच्या मागें कोरडें, पुढें तळें. बुचांतून थेंब न आल्यामुळें आम्ही निश्चिंत होतों, आणि ट्रॅक्टरवाल्याचें म्हणणें मात्र खरें होतें.

ह्या फेसाबद्दल एक सूचना करून ठेवतों. नवा असतां तो पाणी घेत नाहीं, म्हणूनच तेथें भरतात. पण वर्षानुवर्षें पाण्यांत बुडून राहिला म्हणजे तोहि हळूहळू पाणी धरूं लागतो. तें पाणी पंपानें निघत नाहीं, झांकणांतून दिसत नाहीं. होडी गाडीवर चढवून वजनकाट्यावर नेली, गाडीचें वजन वजा केलें आणि उरलेली संख्या होडी बांधणाऱ्यानें दिलेल्या वजनाशीं ताडून पाहिली, तर तो चोर पकडतां येतो. जुनी होडी विकत घेणारानें हा खटाटोप अवश्य करावा. आम्हीं केला नव्हता.

तळांतलें पाणी खारें निघालें तर शोध उलट दिशेनें करावा लागतो. मागच्या बुचाचा रबरी वायसर झिजलेला असतो. यंत्र ज्या पाटीवर अडकविलेलें असतें तिच्यांतले बोल्ट सैल होतात. किंवा जमिनीवरचें पाणी बाहेर जाण्यासाठीं जी नळी असते ती तडकते, आणि होडी जड होऊन नळीचें तोंड पाण्याखालीं गेलें कीं तिच्यांतूनच समुद्र आंत येतो. ह्यावर एक जुनी व फार चांगली युक्ति आहे. होडी किनाऱ्यावर भक्कम टेकूंवर ठेवावी, बाहेरून पुसून कोरडी करावी, बुडाला खडूची भुकटी चोळावी आणि तळाच्या पोकळींत वरून थोडें गोडें पाणी ओतावें. जेथून समुद्र आंत येत होता तेथूनच हें पाणी बाहेर येतें आणि भुकटीवर त्याचा ओघळ उमटतो. मात्र ओतावयाचें तें बेतानें. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम, हें विसरून होडी काठोकाठ भरली तर ती टेकूंवरच चिरफळेल. तिला बाहेरून दाब सोसण्याची संवय आहे, आंतून नव्हे.

आतांपर्यंत किनाऱ्यावरची निवांत गोष्ट झाली. समुद्रावर असतांना पायांखालीं पाणी आहे असा संशय आला तर क्रम बदलतो. प्रथम सर्वांनीं लाइफ जॅकेट घालावें, तें अगोदरच घातलेलें असेल तर उत्तम. मग सर्वांनीं मधोमध व शक्य तितकें खालीं बसावें. वेग कमी करावा, झटक्यानें वळूं नये, आणि तोंड जवळच्या किनाऱ्याकडे करावें. जेथून निघालों त्या बंदराकडेच जाण्याचा हट्ट धरूं नये. हें चालू असतां एकानें बूच जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. लहान होड्यांत एकाएकीं पाणी भरण्याचें अत्यंत सामान्य कारण म्हणजे बूच लावण्याचें विसरणें, आणि हें सांगतांना मी कोणाचीहि थट्टा करीत नाहीं.

एक इंच व्यासाचें भोंक पाण्याखालीं एक फूट असलें तर आंत किती पाणी येईल? इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली ह्यानें सतराव्या शतकांत जो नियम सांगितला, त्यावरून व भोंकाच्या कडांमुळें धार आकसते ती वजा घालून, मिनिटास 40 ते 45 लिटर येतें. भोंक दोन इंचांचें झालें तर चौपट. दहा लिटरची बादली मिनिटांतून सहा वेळां रिकामी करणारा मनुष्य 60 लिटर काढतो. म्हणजे एक इंचाच्या भोंकाशीं तो झगडूं शकतो, पण पांचदहा मिनिटेंच. त्यानंतर हात भरून येतात आणि भोंक थकत नाहीं. तेंच भोंक चिंधीनें, टॉवेलानें किंवा नुसत्या तळहातानें अर्धें बुजविलें तरी पारडें फिरतें. जाणते लोक लांकडाचे दोनतीन निमुळते खुंटे होडींत बांधूनच ठेवतात. किंमत कांहींच नाहीं, आणि त्यासारखें दुसरें साधन नाहीं.

वेगानें जात असतां बूच काढलें म्हणजे पाणी आपोआप मागें ओढलें जातें, अशी एक युक्ति कांहीं हौशी मंडळी सांगतात. तें खरें आहे. परंतु यंत्र बंद पडलें कीं त्याच वाटेनें समुद्र आंत येतो, आणि त्या घाईंत बूच हातांतून निसटून पडतें. माझ्या मतें अंगांत पोहणें मुरलेल्या एकट्या माणसानेंच तें करावें. बायकामुलें होडींत असतां नव्हे.

आतां पेट्रोलाविषयीं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती वर उडून न जातां पाण्यासारखीच खालीं उतरते आणि तळाच्या पोकळींत सांचून राहते. तेथें विजेचा खटका दाबला, तर ठिणगीला जें पाहिजे तें सर्व तयार असतें. म्हणून तळाच्या पाण्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पंप लावूं नये, दिवा लावूं नये, यंत्र चालू करूं नये, विडी-सिगारेट तर नाहींच. माणसें उतरवावीं, सर्व झांकणें उघडावीं, वाऱ्याला आंत खेळूं द्यावें, आणि गळणारी नळी जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावी. ज्या होड्यांत पेट्रोलचें यंत्र आंत, पेटींत बसविलेलें असतें, त्यांत यंत्र सुरू करण्यापूर्वीं वाफ ओढून काढणारा पंखा निदान चार मिनिटें चालवावा, असा दंडक आहे. तें तेलकट पाणी मागाहून खाडींत ओतूं नये, डब्यांत भरून किनाऱ्यावर आणावें. खाडीच्या तोंडाशीं कालवें काढून पोट भरणारीं माणसें असतात.

विजेवरचा लहान पंप, आणि पाणी चढतांच तो आपोआप सुरू करणारा खटका, हे आतां बाजारांत सहज मिळतात. आम्हींहि बसविला आहे. पण मला त्याची थोडी भीति वाटते, आणि ती निराधार नाहीं. दर सेकंदास एक थेंब गळला तर दिवसाला सव्वाचार लिटरांच्या वर पाणी होतें व महिन्याला सुमारें 130 लिटर. पंप हें सारें गुपचूप बाहेर टाकीत राहतो. मालकाला वाटतें होडी कोरडी आहे. गळती हळूहळू वाढते, पंप तासांतून दहा मिनिटें चालूं लागतो. तीन अँपिअर वीज घेणारा पंप तसा चालला तर दिवसाला 12 अँपिअर-तास खर्च होतात, आणि 60 अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी होते. तिसऱ्याचौथ्या दिवशीं पंप मंदावतो, मग थांबतो. त्यानंतर होडी ज्या वेगानें भरते तो वेग मालकाला ठाऊकच नसतो. म्हणून पंपाबरोबर एक लहान लाल दिवा जोडून घ्यावा, तो चालू असतांना दिसेल असा. शिवाय पंपाच्या खोक्यावर जो आंकडा छापलेला असतो तो पाणी मुळींच वर उचलावें न लागतां मिळणारा असतो; प्रत्यक्षांत त्याहून बरेंच कमी धरावें.

सगळेंच पाणी मात्र शत्रु नव्हे. लांकडी होडी पावसाळाभर किनाऱ्यावर राहून वाळली म्हणजे फळ्या आकसतात. पाण्यांत सोडल्यावर पहिले कांहीं दिवस ती सांध्यांतून झिरपते, मग लांकूड फुगून सांधे मिटतात. जुना कोळी हें पाणी मुकाट्यानें उपसतो व वाट पाहतो. तसेंच ज्या होडींत यंत्र आंत असतें तिचा पंख्याचा दांडा बुडांतून बाहेर जातो. तेथें दोरीचें वेष्टण घालून आवळलेला जुन्या धर्तीचा सांधा असेल, तर होडी चालतांना त्यांतून मिनिटाला दोनतीन थेंब गळलेच पाहिजेत. त्या थेंबांनींच दांडा थंड राहतो. नव्या मालकाला तो ओलावा सहन होत नाहीं, तो पान्ह्यानें सांधा आवळतो, आणि दांडा तापून झिजतो. अपेक्षित पाणी किती, हें ज्याला माहीत आहे त्यालाच अनपेक्षित पाणी ओळखूं येतें.

आम्हीं तीन सैल स्क्रू काढून भोंकें राळेनें भरलीं व बाकांचे पाय नव्या जागीं, खालीं धातूची पट्टी देऊन आवळले. आडव्या पट्टीच्या पुढें जमिनींत दुसरें एक झांकण बसविलें. आतां होडी किनाऱ्यावर असेल तेव्हां दर रविवारीं बंधु दोन्ही झांकणें उघडतात व सांपडलेलें पाणी मापानें मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात. गेल्या पावसाळ्यांत आठवड्याला एक वाटीभर येत होतें, आणि तें गोडें होतें. त्याची वाट आम्हांला अजून सांपडलेली नाहीं. पुढच्या बाजूच्या दोरखुंट्यावर आमचा संशय आहे. लाल रंग संपला होता. निळा आणून ठेवला आहे.